पहिल्या चॅनलचं भांडण

पाशाचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि त्याच्या फ्लॅशला ते पक्कं ठाऊक असावं, कारण तो नेमका ऐन वेळी दगा द्यायचा.

गेवराईत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत पाशा शेखचा स्टुडिओ. पासपोर्ट फोटोवर चहा निघायचा, घर चालायचं ते लग्नांवर. मोठ्या कंपनीचा फ्लॅश घेणं जमलं नाही म्हणून त्यानं स्वस्तातले चिनी फ्लॅश आणले होते, बिनतारी डब्यांसकट. एक डबी कॅमेऱ्याच्या डोक्यावर, दुसरी लांब स्टँडवर उभ्या केलेल्या फ्लॅशच्या बुडाशी. कॅमेऱ्याचा खटका दाबला की वरची डबी खालच्या डबीला हुकूम सोडते आणि फ्लॅश उडतो. दुकानदारानं सांगितलं तेव्हा हे फार सोपं वाटलं होतं.

मंडपात मात्र त्या डबीनं पाशाचं रक्त आटवलं. कधी फ्लॅश उडायचाच नाही, कधी एका खटक्याला दोनदा उडायचा. पाशानं नाही नाही ते उपाय केले. खोडरबरानं पितळेची टोकं घासली. सैल स्प्रिंगमागं बिस्किटाच्या पुड्यातली चांदी कोंबली. झाकण निसटतं म्हणून रबरबँड आवळलं. एका हळदीच्या कार्यक्रमात तर डबीत हळदच गेली आणि चॅनल बदलायच्या, म्हणजे कुठल्या डबीचा हुकूम ऐकायचा ते ठरवायच्या, बारीक कळा सैल होऊन आपोआप सरकायला लागल्या. पाशानं त्या पहिल्या चॅनलवर आणल्या, वर फेविक्विकचा थेंब सोडला आणि कायमच्या चिकटवून टाकल्या. तिथून पुढचं सगळं भांडण त्या एका थेंबाचं.

आमच्याकडं लग्नात नवरीवाल्यांचा फोटोग्राफर वेगळा आणि नवरदेवाकडचा वेगळा. पाशा एका बाजूनं असला की दुसऱ्या बाजूनं बहुतेक बंकट असायचा. बंकटकडंही तसल्याच डब्या, आणि त्याही पहिल्याच चॅनलवर. म्हणजे बंकटनं नवरदेवाच्या आत्याचा फोटो काढायला खटका दाबला की इकडं पाशाचा फ्लॅश लख्खकन उडून मोकळा. पुन्हा चार्ज होईतो तो चिंऽऽ करत बसायचा, आणि तेवढ्यात नवरीच्या गळ्यात मंगळसूत्र पडून जायचं. पाशाच्या कॅमेऱ्यात अंधार.

खरं तर बंकटनं नखानं एक कळ सरकवली असती तरी मिटलं असतं.

"मी कावून सरकवू?" बंकट म्हणायचा. "पहिल्या चॅनलवर मी आधीपसून हाय. तुला लई तरास होतो तर तू नवी डबी घे."

शेताच्या बांधावरून जशी भांडणं पिढ्यान्‌पिढ्या चालतात तसं हे हवेतल्या चॅनलवरून चाललं होतं. आष्टीकडच्या एका लग्नात पाशानं लाईटचं स्टँड उचललं आणि बंकटच्या भुवईवर हाणलं. बंकटनं रक्त पुसायच्या आधी पाशाची पांढरी छत्री वरणाच्या पातेल्यात फेकली. वऱ्हाडी जेवायचे थांबून बघत होते. "एक दिवस तुझी बोटं मोडून हातात देईन बे," असं पाशा चारचौघांत ओरडला होता, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं होतं.

एवढा तापट माणूस, पण फोटोच्या बाबतीत देवमाणूस. ग्रुप फोटोत कुणाचे डोळे मिटलेले त्याला चालायचे नाहीत. मामा, काका, आत्या यांना ओळीनं उभं करून तो ओरडायचा, "डोळे उघडे ठेवा हो, लग्न तुमच्याच घरचं हाय." एकाचे मिटले तरी सगळ्यांना पुन्हा उभं करायचा. लोक वैतागायचे, आणि पुढच्या लग्नाला पुन्हा त्यालाच सांगायचे.

ते लग्न उमापूरच्या पलीकडं, वस्तीवर होतं. शेतातच मंडप, मुहूर्त दिवस मावळतानाचा. पाशाला सांगितलं होतं नवरीच्या मामानं, राधाकिशननं. राधाकिशन ग्रामपंचायतीला उभा होता, आणि उभा होता तो विजयसिंहांच्या पॅनलच्या विरोधात. त्या भागात असं सहसा कुणी करत नाही. अर्ज मागं घे म्हणून निरोप आले, धमक्या आल्या, रस्त्यात गाडी आडवी घालून झाली. राधाकिशननं अर्ज ठेवला तो ठेवलाच.

"पाशाभाई," मंडपात शिरल्या शिरल्या तो म्हणाला होता, "भाचीचा असा फोटू काढा का मागं उभं राहिलेलं माझं थोबाडबी जरा बरं दिसलं पाहिजे. पोस्टरला लागंल."

रीतीप्रमाणं मामानं भाचीला धरून बोहल्यावर आणलं आणि तिच्या मागं उभा राहिला. अंतरपाटाच्या अलीकडं ती खाली बघतेय, मागं मामाचे डोळे भरलेत. पाशानं खटका दाबला. फ्लॅश उडाला, फोटो फक्कड आला. पाशा स्वतःवर खूश झाला. दुसऱ्याच क्षणाला त्यानं दाबलं नसताना फ्लॅश पुन्हा उडाला.

"बंकट्या!" पाशा दातओठ खात पुटपुटला.

अक्षता पडल्या तेव्हा फ्लॅश नुसता चिंऽऽ करत होता, पाशाला एकही फोटो घेता आला नाही. विजयसिंह आशीर्वाद द्यायला आले होते, माईक आपसूक त्यांच्या हातात गेला. फ्लॅश तिकडं दोनदा उगाच उडाला तेव्हा पाशाचा संयम सुटला. त्यानं स्टँड उचललं आणि आचाऱ्यांच्या कनातीमागं, मोकळ्या रानाच्या तोंडाशी आणून रोवलं. डबी उघडून बघावी, नाही जमलं तर तिथंच दगडावर आपटावी, अशा विचारात तो उकिडवा बसला. अंधार पडला होता. मंडपाचा उजेड कनातीवरून थोडाफार सांडत होता. पलीकडं ट्रॉलीवरचं जनरेटर धडधडत होतं.

तेवढ्यात चौघंजण राधाकिशनला घेऊन तिथं आले. दुधाच्या कॅनचं काहीतरी निमित्त सांगून त्याला मागं बोलावलं असावं, कारण तो अजून "कुठं हाय टेम्पो?" असं विचारत होता. पुढं सोमनाथ होता. सोमनाथ म्हणजे विजयसिंहांचा माणूस, त्यांच्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसणारा. त्याच्या हातात मंडपाची एक बल्ली होती.

"मामा, अर्ज राहिला का वो मागं घ्यायचा?" सोमनाथनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बल्ली त्याच्या गुडघ्यावर घातली.

राधाकिशन पडला. मग चौघंही तुटून पडले. तिकडं भाषण संपलं, डीजे सुरू झाला, आणि त्या दणक्यात राधाकिशनची ओरड मंडपापर्यंत जायचं कारणच उरलं नाही. पाशाला मात्र ती ऐकू येत होती. हाडावर लाकूड बसल्याचा आवाज येत होता. कुणी लाथा घालत होतं, कुणी डोक्याचा नेम धरत होतं. राधाकिशन आधी हातानं डोकं झाकत होता, मग हात खाली गेले ते वर आलेच नाहीत.

स्टँड उचलून बंकटच्या अंगावर जाणारा पाशा जागचा हलला नाही. त्याला भीती वाटली, सरळ सरळ भीती. आपण दिसू नये एवढीच दुवा तो मनात मागत होता.

आणि फ्लॅश उडाला.

लख्ख उजेडात क्षणभर सगळं दिसलं. वर उचललेली बल्ली, सोमनाथचे दात, जमिनीवरचा मामाचा फेटा. मग पुन्हा अंधार, आणि चार्ज होणाऱ्या फ्लॅशची चिंऽऽ.

चौघंही वळले. फ्लॅशच्या बुडाशी गळ्यात कॅमेरा घालून बसलेला पाशा त्यांना दिसला.

त्यांनी त्याला कॉलरला धरून ओढत राधाकिशनशेजारी आणलं. सोमनाथनं कॅमेरा हिसकावून मागचा पडदा लावला. शेवटचा फोटो अंतरपाटाचा, खाली बघणारी भाची आणि मागं मामा.

"आत्ताचा फोटू कुठं हाय?"

"काढलाच न्हाई भाऊ. कसम खाऊन सांगतो."

"लाईट पडली म्हंजी फोटू निघाला. आमाला येडं समजतो का बे?" सोमनाथनं कॅमेरा दगडावर आपटला, कार्ड काढून दातानं चावलं आणि थुंकलं. "दुसरं कार्ड कुठं ठिवलंय?"

जिथं लाईट तिथं फोटो, एवढंच त्यांना माहीत. जन्मभर त्यांनी तसंच पाहिलं होतं. पाशा घायकुतीला येऊन सांगत होता, की हा फ्लॅश बिघडलाय, आपोआप उडतो, कॅमेऱ्याचा काही संबंध नसतो.

"आपोआप?" सोमनाथ हसला. "मग उडू दे की. बघू आमीबी."

सगळे फ्लॅशकडं तोंड करून उभे राहिले. पाशाला गुडघ्यावर बसवलं, उजवा हात ओढून दगडावर ठेवला, त्यावर एकानं पाय दिला. फ्लॅश चार्ज झाला, त्याचा लाल दिवा लागला. तो काही उडेना.

पाशा त्याच्याकडं बघत होता. संध्याकाळभर ज्याला शिव्या दिल्या त्या बिघाडाची आता तो भीक मागत होता. आणि बघता बघता त्याची नजर फ्लॅशच्या पलीकडं, जनरेटरच्या ट्रॉलीपाशी गेली. तिथं माणसाच्या छातीच्या उंचीवर एक बारीक लाल ठिपका लुकलुकत होता. बाकीच्यांना तो दिसलाही असेल, पण जनरेटरला कसले ना कसले दिवे असतातच. पाशाला मात्र तो ठिपका झोपेतही ओळखू आला असता. पहिल्या चॅनलवरची बंकटची डबी होती ती.

एका क्षणात त्याला सगळं कळलं. बंकटचा फ्लॅश चालत नव्हता, म्हणून तोही मागं येऊन खटका दाबून बघत होता. त्याचा उडाला नाही, पाशाचा उडाला. म्हणजे फोटो निघाला होता. तो बंकटच्या कॅमेऱ्यात होता.

नुसतं बोट दाखवलं असतं तर हात सुटला असता. "तिकडं हाय, त्याच्या कॅमेऱ्यात," एवढंच म्हणायचं होतं. तेही बंकटबद्दल, ज्याची बोटं मोडायची त्यानं जाहीर धमकी दिली होती. पाशाच्या जिभेवर नाव आलंसुद्धा. पण शेजारी राधाकिशन पडला होता, त्याच्या घशातून घरघर येत होती, आणि बंकटला हे लोक कसं ओढत आणतील ते पाशाला डोळ्यांपुढं दिसलं. त्याच्याकडून नाव बाहेर पडेना.

'दाब,' तो मनात म्हणत होता. 'हरामखोरा, एकदा दाब. दिवसभर दाबलंस ना? आता दाब.'

ठिपका लुकलुकत राहिला. फ्लॅश उडाला नाही.

"लई झालं," सोमनाथ म्हणाला, आणि बल्लीचं टोक त्यानं पाशाच्या बोटांवर आणलं.

पाशा ओरडला तेव्हा डीजेवर पोरं नाचत होती. दुसऱ्यांदा बल्ली आली ती मनगटावर. डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि त्या अंधारीतही त्याला राग आला तो सोमनाथचा नाही, बंकटचाच. सोमनाथनं तिसऱ्यांदा बल्ली उचलली.

फ्लॅश उडाला.

चौघंही दचकले. कुणाचा हात फ्लॅशजवळ नव्हता, कॅमेरा तुकडे होऊन पडला होता. ते फ्लॅशकडं टक लावून बघत राहिले. चिंऽऽ. फ्लॅश पुन्हा उडाला. मग आणखी एकदा.

"आयला, खरंच आपोआप उडतंय की बे!" त्यातला एक जण म्हणाला आणि हसायला लागला. सोमनाथही हसला. त्यानं बल्ली टाकली, लाथ घालून स्टँड आडवं केलं आणि पाशाच्या कानाशी वाकला. "तुझा हात जनरेटरच्या पट्ट्यात गेला. मामाचं उपरणं अडकलं, तू सोडवाया गेलतास. ध्यानात ठिव. पोरगं हाय ना तुला?"

राधाकिशन नवरीची पाठवणी व्हायच्या आधी गेला. गावात तीच गोष्ट झाली, पट्ट्याची आणि उपरण्याची. पोलिसांनी तीच लिहून घेतली. पाशानंही तीच सांगितली. गेवराईत राहायला नको म्हणून रुबीनानं, त्याच्या बायकोनं, त्याला अंबाजोगाईला नेलं. तिचा भाऊ तिथं मोठ्या दवाखान्यासमोर फळाची गाडी लावतो. डॉक्टरांनी हातात सळ्या घातल्या. दोन बोटं वाचली नाहीत, त्यात खटका दाबायचं बोट होतं.

पाशा पडल्या पडल्या छताकडं बघायचा. हात गेल्याचं दुःख होतंच. पण आपण तिथं बसून होतो, उठलो नाही, आणि वर मेलेल्या माणसाबद्दल खोटं लिहून दिलं, हे त्याला जास्त खात होतं. बायनाबाई, राधाकिशनची बायको, दवाखान्यात येऊन त्याच्या पायांना हात लावून गेली होती. "माझ्या मालकाला सोडवायला गेलते तुमी," असं म्हणाली होती. ती गेल्यावर पाशा भिंतीकडं तोंड करून पडला, जेवला नाही.

मग एका दुपारी बंकट आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तो खाटेपाशी बसला नाही, उभाच राहिला. खिशातून चुन्याची डबी काढून त्यानं उशीशी ठेवली. आत कार्ड होतं.

"तू माझं नाव घेतलं न्हाई," तो म्हणाला.

"तू दाबलं न्हाई," पाशा म्हणाला.

"दाबत होतो. अंधारात लेन्स फोकसच धरंना, खटका बसंना. फोकस हातानं धरायची बाजूची कळ सापडंना." बंकट खाली बघून म्हणाला, "आन भ्यालोबी होतो. खोटं कशाला बोलू."

"डबीवर बटण असतंय की बे! नुसतं ते दाबलं असतंस तरी फ्लॅश उडला असता. कॅमेऱ्याचा खटका कावून दाबत बसलास?"

"मग फोटू कसा निघाला असता?"

डबीचं बटण दाबलं असतं तर पाशाची बोटं शाबूत राहिली असती, आणि मामा कायमचा जनरेटरच्या पट्ट्यात अडकून मेलेला राहिला असता. त्यानं डावा हात उचलला आणि बंकटच्या एक सणसणीत कानाखाली दिली. शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. बंकटनं गालाला हात लावला नाही.

"आता हे तू दे साहेबांना," बंकट म्हणाला. "तुझाच फोटू म्हणून सांग. माझ्या घरात म्हातारी हाय."

"माझा कॅमेरा त्यांनीच फोडला, त्यात फोटू न्हाई ते त्यांनी डोळ्यानं बघितलंय. कोण इश्वास ठिवंल? ज्यानं काढला त्यानंच सांगायला लागंल."

रुबीना दारात उभी राहून ऐकत होती. "आतिफके अब्बा, चुप रव," ती कळवळून म्हणाली. "हात गया, जान तो है ना?"

"मामाची गेली," पाशा म्हणाला. "आन मी पट्ट्यावर ढकलून दिलं." तो उठून बसला, डाव्या हातानं सदरा ओढला. एका हातानं गुंड्या लागेनात. बंकट पुढं झाला आणि त्यानं त्या लावून दिल्या. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघत नव्हते.

ते बीडला गेले, सरळ पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडं. बाहेर बसले होते तेव्हा बंकट उठून पळेल असं पाशाला दोनदा वाटलं. आत गेल्यावर साहेबांनी कार्ड लावलं. पडद्यावर आधी धूसर, तिरपा फोटो आला, त्यात बल्ली वर गेलेली. मग नंतरचे तीन आले.

"कुणी काढले हे?" साहेबांनी विचारलं.

पाशानं बंकटकडं पाहिलंही नाही.

"मी काढले साहेब," बंकट म्हणाला. "नाव लिवा. बंकट. लाईट ह्याची होती."

साहेबांनी शेवटचा फोटो मोठा केला. फोकस स्वच्छ, उजेड बरोबर. चौघंही फ्लॅश उडायची वाट बघत रांगेत उभे, कुणाची मान वळलेली नाही, कुणाचा चेहरा सावलीत नाही. मध्ये बल्ली. पुढं गुडघ्यावर पाशा, त्याच्यापुढं आडवा राधाकिशन. पाशाची नजर सवयीनं आधी डोळ्यांवर गेली. सोमनाथचे उघडे होते. बाकी तिघांचे उघडे होते. त्याचे स्वतःचेही टक्क उघडे होते. तेवढे मामाचे मिटलेले होते, आणि पुन्हा उभं राहा म्हणून सांगायची सोय नव्हती.

पाशा साहेबांच्या टेबलाला धरून मोठ्यानं रडला.